टाइमशेअरची ‘गोल्ड’ श्रेणी, २० हजारांचं टोकन आणि उरलेले चार-पाच दिवस

वाचकाचं पत्र

‘तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात कार्यक्रमाला बोलावून आम्हाला २५ वर्षांचं हॉलिडे सदस्यत्व दिलं. २ लाख १० हजार भरले. वर्षाला सात रात्री, स्टुडिओ खोली, पांढरा हंगाम (म्हणजे मधल्या मागणीचे आठवडे). वार्षिक शुल्क जीएसटीसह १७,११० रुपये. मी शाळेत शिक्षिका, हे साखर कारखान्यात इंजिनिअरिंग विभागात. गळीत हंगामात ह्यांना रजा नाही, मला एरवी नाही, त्यामुळे जायला मिळतो तो मे महिना. मे महिन्यातलं महाबळेश्वर मागितलं की “हा आठवडा तुमच्या हंगामात बसत नाही” असं उत्तर येतं. तीन वर्षांत एकदाच, जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा ऑगस्टमध्ये तीन रात्री राहून आलो.

गेल्या शनिवारी कंपनीने सदस्य मेळावा म्हणून जेवायला बोलावलं. चार तास बसवून घेतलं आणि “गोल्ड” श्रेणीत या म्हणून सांगितलं. कर धरून ३ लाख ४० हजार. त्यात लाल हंगाम (सर्वाधिक मागणीचे आठवडे), नऊ महिने आधी बुकिंग, जेवणावर २० टक्के सवलत, परदेशातल्या रिसॉर्टशी अदलाबदल, आणि उपलब्ध असेल तर मोठी खोली. वार्षिक शुल्क २४,००० अधिक जीएसटी होईल. आम्ही क्रेडिट कार्डावर २०,००० भरले, कराराच्या सह्या झाल्या. बाकीच्या ३ लाख २० हजारांना ३६ हप्ते, दरमहा ११,१००. पॅन, आधारच्या प्रती आणि रद्द केलेला चेक दिलाय, कर्जाच्या कागदावर सही अजून व्हायची आहे.

घरी आल्यापासून ह्यांना झोप नाही. गोल्ड घेतलं नाही तर जुन्या श्रेणीच्या सवलती पुढच्या वर्षापासून बंद होतील, असंही तिथल्या विक्री करणाऱ्या मुलाने सांगितलंय. घरात आम्ही सहा जण, सासू-सासरे धरून. गोल्ड ठेवावं का? २० हजार परत मिळतील का?’

— एक शिक्षिका, राजारामपुरी

सल्ला

ताई, आधी मुदतीचं. तुमचं पत्र आलं तेव्हा सहीला पाच दिवस झाले होते, म्हणून हा पहिला भाग तुम्हाला लगेच ईमेलने कळवला आहे. इतर वाचकांसाठी तो इथे पुन्हा देत आहोत, कारण सही करून घरी आल्यावर झोप उडालेली माणसं पुष्कळ असतात.

भारतात टाइमशेअरसाठी, म्हणजे तुमच्यासारख्या ठरावीक वर्षांच्या हॉलिडे सदस्यत्वासाठी, वेगळा कायदा नाही. युरोपात २००८ च्या निर्देशानुसार ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते, आणि त्या १४ दिवसांत विक्रेत्याला एक पैसाही घेता येत नाही. आपल्याकडे माघारीची मुदत मिळते ती करारात लिहिलेली असेल तेवढीच. बऱ्याच कंपन्यांच्या करारात ती १० दिवसांची असते. तुमच्या करारात ‘माघार’, ‘रद्द करणे’ किंवा ‘फ्री लुक’ असं कलम शोधा. बहुधा ते पहिल्या पानावर नसतं, मागच्या नियमावलीत असतं. दिवस कधीपासून मोजायचे हे तिथे पाहा: सहीपासून, पैसे भरल्यापासून की सदस्यत्वाचा संच घरी आल्यापासून. मोघम लिहिलं असेल तर सर्वांत आधीची तारीख धरा आणि रविवार, सुट्ट्यांसकट मोजा. म्हणजे तुमच्या हातात चार-पाच दिवस आहेत असं समजून चाला.

रद्द करण्याचं पत्र आजच ईमेलने पाठवा, करारावर छापलेल्या ग्राहकसेवेच्या पत्त्यावर. तुम्हाला सही करायला लावणाऱ्या मुलाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज पुरत नाही. तो उद्या दुसऱ्या कंपनीत असू शकतो. तेच पत्र छापून, सही करून, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टने पोच घेऊन पाठवा आणि पावती करारालाच टाचून ठेवा. मजकूर लांबवू नका. एवढा पुरे:

‘माझा सदस्य क्रमांक अमुक. अमुक तारखेला सही केलेला श्रेणीवाढीचा करार मी करारातील अमुक कलमानुसार मुदतीत रद्द करीत आहे. कार्डावरून घेतलेले २०,००० रुपये त्याच कार्डावर परत जमा करावेत. माझ्या नावाने कोणतंही कर्ज किंवा हप्त्याची नोंद करू नये. त्यासाठी दिलेली कागदपत्रं वापरण्याची संमती मी मागे घेत आहे. माझं मूळ सदस्यत्व, त्याचे हंगाम, रात्री आणि वार्षिक शुल्क यांच्यासह, पूर्वीच्याच अटींवर सुरू असल्याचं लेखी कळवावं.’

शेवटचं वाक्य कुणीही गाळू नये. श्रेणीवाढीच्या करारात बहुतेक वेळा ‘हा करार आधीच्या कराराची जागा घेतो’ असं कलम असतं. नवा रद्द केला आणि जुन्याचं काही लिहून घेतलं नाही, तर कंपनीच्या संगणकात तुम्ही काही काळ कुठेच नसता. बुकिंग करायला जावं तर ‘सदस्यत्व प्रक्रियेत आहे’ असं उत्तर येतं आणि त्याच काळात वार्षिक शुल्काचं बिल मात्र नव्या दराने येतं.

पत्र गेलं की फोन सुरू होतील. दोन रात्री मोफत देतो, हप्ता कमी करतो, साहेबांशी बोला. प्रत्येक वेळी एवढंच म्हणा: ‘ईमेलवर लिहा.’ दहा दिवस बोलण्यात घालवले तर मुदत संपते, आणि फोनवर झालेल्या बोलण्याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. मधेच ‘पडताळणीचा कॉल’ आला तर तो जपून घ्या. तो रेकॉर्ड होतो आणि त्यात हमखास विचारतात, ‘कराराबाहेर कुणी काही आश्वासन दिलंय का?’ लोक सवयीने ‘नाही’ म्हणतात, आणि पुढे वाद झाला की तेच रेकॉर्डिंग कंपनीचा साक्षीदार होतं. तुम्हाला लाल हंगामाचं, म्हणजे मे महिन्याचं आश्वासन दिलेलं आहे, तेव्हा ‘हो, दिलंय’ म्हणा आणि काय दिलं तेही सांगा.

२० हजार आठवडाभरात आले नाहीत तर कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवा, रद्द केल्याचा ईमेल जोडून. रद्द चेकवरून हप्त्याची स्वयंचलित वजावट बसवता येते, म्हणून तुमच्या बँकेच्या अॅपमध्ये ‘मँडेट’ या भागात नवं काही आलंय का ते आठवड्यातून एकदा पाहत राहा. दिसलं तर तिथूनच रद्द करा. महिन्याभराने क्रेडिट अहवाल काढा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तुमच्या नावावर न मागितलेलं कर्ज दिसतंय का ते त्यात कळेल. कर्जाच्या कागदावर सही झालेली नाही हे तुमच्या पथ्यावर पडलंय. कर्ज एकदा दिलं गेलं की ते कंपनीशी नव्हे, वित्तसंस्थेशी असतं. सदस्यत्व रद्द झालं तरी हप्ता थांबत नाही.

आता प्रश्न गोल्ड घेण्यासारखं आहे की नाही. आमचं उत्तर ‘नाही’ आहे. का, ते नीट पाहू, कारण दोन वर्षांनी तुम्हाला ‘प्लॅटिनम’साठी पुन्हा जेवायला बोलावतील.

टाइमशेअरमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि मांडताना त्या मुद्दाम मिसळल्या जातात. एक म्हणजे तुमचा हक्क: किती रात्री, कुठल्या मापाची खोली, कुठला हंगाम. दुसरी म्हणजे दर्जा: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि त्याबरोबरच्या सवलती. हक्क करारात असतो. दर्जाच्या सवलती बहुतेक वेळा वेगळ्या रंगीत पत्रकावर असतात आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कंपनी हे फायदे बदलू किंवा बंद करू शकते’ असं छापलेलं असतं. करारात पुन्हा ‘या कागदात लिहिलेलं सोडून दुसरं काहीही बंधनकारक नाही’ हे कलम असतं. म्हणजे जेवणावरची २० टक्के सवलत, मोठी खोली, परदेशी अदलाबदल यांपैकी कराराच्या सही केलेल्या पानांवर काय आहे तेवढंच तुमचं. पेन घेऊन बसा आणि तुम्हाला सांगितलेल्या पाच गोष्टींपुढे पान क्रमांक लिहा. ज्याला पान क्रमांक मिळत नाही ती गोष्ट तुम्ही विकत घेतलेली नाही.

‘उपलब्ध असेल तर मोठी खोली’ हे तर सरळ सोडून द्या. रिसॉर्ट रिकामं असतं तेव्हा मोठी खोली मिळते, आणि रिकामं असतं तेव्हा तुम्ही शाळेत असता.

नऊ महिने आधी बुकिंग ही सवलत मात्र खरी आहे, म्हणून तिचं वजन करून पाहू. समजा वरच्या प्लॅटिनमला १२ महिने, गोल्डला नऊ आणि तुमच्या आताच्या श्रेणीला सहा महिने आधी खिडकी उघडते. तुम्हाला १० मेपासूनचा आठवडा हवाय. प्लॅटिनमवाल्यांना तो आदल्या वर्षीच्या १० मेला दिसू लागतो. गोल्डला १० ऑगस्टला, तुम्हाला १० नोव्हेंबरला. गोल्ड घेतलं की तुम्ही नोव्हेंबरवाल्यांच्या पुढे जाता, पण प्लॅटिनमवाले तोवर तीन महिने निवडून बसलेले असतात. गोल्डने तुम्हाला रांगेतली जागा मिळते, खोली नाही. कंपनी दर शनिवारी नवी माणसं त्याच रांगेत आणते, त्यामुळे घेतलेली जागाही मागे सरकत जाते.

ह्याच्या मुळाशी साधी गणती आहे. एका खोलीला वर्षात ५२ आठवडे. डागडुजीचे दोन सोडले तर ५० उरतात, म्हणजे एका खोलीवर ५० कुटुंबांना आठवडा-आठवडा विकता येतो. शाळेला सुट्टी असलेले मेचे आठवडे चार-पाच. दिवाळीचे दोन आणि नाताळ-नववर्षाचा एक-दोन धरला तरी आठ-नऊच्या वर जात नाही. ५० कुटुंबांपैकी बहुतेकांना हेच आठ-नऊ आठवडे हवे असतात. श्रेणी कितीही काढल्या तरी मे महिन्याचे आठवडे वाढत नाहीत, ते कुणाला आधी द्यायचे एवढंच श्रेणी ठरवते. म्हणून गोल्ड घेण्याआधी विचारायचा प्रश्न असा: ‘या रिसॉर्टात स्टुडिओ किती, आणि लाल हंगामाचे गोल्ड सदस्य किती?’ याचं उत्तर लेखी मिळत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. दुसरी चाचणी त्याहून सोपी. ‘तुमच्याच अॅपवर, गोल्डच्या खात्यातून, पुढच्या मेमधल्या माझ्या तीन आवडत्या ठिकाणच्या तारखा आत्ता उघडून दाखवा.’ दाखवल्या तर स्क्रीनचा फोटो घ्या. ‘सिस्टिम बंद आहे’ असं सांगितलं तर उठून या.

आता पैसे. गोल्डचं वार्षिक शुल्क २४,००० आणि १८ टक्के जीएसटीचे ४,३२० मिळून २८,३२० रुपये. आता तुम्ही भरता १७,११०. फरक ११,२१० रुपये, दरवर्षी. सुरुवातीचे ३ लाख ४० हजार उरलेल्या २२ वर्षांत वाटले तर वर्षाला १५,४५० होतात, आणि विक्रेता एवढंच वाटून दाखवतो. पण पैसे आज जाणार आहेत. तेच ३ लाख ४० हजार ७ टक्क्यांनी ठेवले आणि दरवर्षी सारखी रक्कम काढत २२ वर्षांनी शिल्लक शून्यावर आणायची ठरवली, तर वर्षाला सुमारे ३०,७०० रुपये हातात येतात. म्हणजे गोल्डसाठी तुम्ही खरं सोडता ते एवढं. त्यात शुल्काचा फरक मिळवला की जवळपास ४२,००० रुपये वर्षाला. रात्री सातच, खोली तीच स्टुडिओ. बदलला तो फक्त हंगामाचा रंग आणि रांगेतली जागा. सात रात्रींनी भागलं तर रात्रीला ६,००० रुपये जादा, आणि गोल्डचं सगळं शुल्क धरून एक रात्र सुमारे ८,४०० ला पडते. जेवण त्यात नाही.

हा ८,४०० चा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि त्याच रिसॉर्टची तीच खोली बाहेरच्या माणसाला मेमध्ये कितीला मिळते ते कुठल्याही बुकिंगच्या संकेतस्थळावर पाहा. भाव ह्याच्या खाली असेल तर गणित तिथेच संपलं. वर असेल, तरी तो आठवडा तुम्हाला दरवर्षी मिळाला तरच फायदा. एखादं वर्ष चुकलं की त्या वर्षाचं शुल्क भरावं लागतंच.

हप्त्यांवर घेतलंत तर गणित आणखी बिघडतं. ११,१०० गुणिले ३६ म्हणजे ३ लाख ९९ हजार ६००. कर्ज ३ लाख २० हजारांचं, म्हणजे व्याज ७९,६०० रुपये. वर्षाला साधारण १५ टक्के दर झाला. ‘नाममात्र व्याज’ असं सांगितलं असेल तर कर्जदात्याकडून मुख्य तथ्य पत्रक (की फॅक्ट स्टेटमेंट) मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या नव्या मुदत कर्जांबरोबर ते द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि त्यावर सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो.

आणि वार्षिक शुल्क स्थिर राहत नाही. हे लोकांच्या लक्षात सर्वांत उशिरा येतं. सुरुवातीची रक्कम एकदाच जाते, तिचा धक्का बसतो आणि विसरला जातो. शुल्क मात्र मुदत संपेपर्यंत येतं, तुम्ही जा अगर जाऊ नका. ते कसं वाढणार याचं कलम शोधा. ‘महागाई निर्देशांकानुसार’ असेल तर निदान मोजता येतं. ‘कंपनी ठरवेल तसं’ असेल तर मोजायलाही जागा नाही. नुसतं ६ टक्क्यांनी वाढलं तरी आजचे २८,३२० बारा वर्षांनी ५७ हजारांच्या घरात जातात आणि बाविसाव्या वर्षी ९६ हजारांच्या पुढे. तेव्हा तुम्ही दोघं निवृत्त झालेले असाल.

यादीत आणखी बरंच असतं: अदलाबदलीच्या संस्थेचं वार्षिक सदस्यत्व (पहिली दोन-तीन वर्षं कंपनी भरते, नंतर तुम्ही), शिवाय प्रत्येक अदलाबदलीचं वेगळं शुल्क, तुमच्याऐवजी नातेवाईक गेले तर पाहुणा शुल्क, बुकिंग उशिरा रद्द केलं तर रात्री बुडतात, काही रिसॉर्टांत ३१ डिसेंबरचं जेवण सक्तीचं. शुल्क थकलं की व्याज आणि बुकिंग बंद. ह्यातली प्रत्येक रक्कम लहान असते, म्हणून मेळाव्यात ती कुणी विचारत नाही.

परदेशी अदलाबदलीवर एवढंच सांगतो. आरसीआय ही त्यातली जुनी संस्था १९७४ पासून आहे आणि ही पद्धत चालते, ती थाप नव्हे. पण तिथे तुमच्या आठवड्याला वजन असतं. लाल हंगामाचा दोन बेडरूमचा आठवडा टाकला तर बदल्यात तसा मिळतो. स्टुडिओ टाकून बँकॉकची मोठी खोली मिळत नाही. विमानाचं तिकीट तुमचं, अदलाबदलीचं शुल्क तुमचं, आणि तारखा मिळतील त्या.

मेळाव्यात कुणी तुम्हाला बोललं की नाही माहीत नाही, पण ‘ही गुंतवणूक आहे, पुढे विकून नफा मिळेल’ हे वाक्य कानावर आलं तर तिथेच थांबा. टाइमशेअर ही गुंतवणूक नव्हे. मुदतीअखेर वाढीव पैसे परत देण्याच्या बोलीवर रूम नाइट्स विकणाऱ्या पॅनकार्ड क्लब्सच्या योजना सेबी या शेअर बाजार नियामकाने सामूहिक गुंतवणूक योजना ठरवल्या. २०१४ मध्ये नवे पैसे घ्यायला मनाई झाली, २०१६ मध्ये ५० लाखांहून अधिक लोकांचे ७ हजार कोटींहून अधिक रुपये परत करायचा आदेश निघाला. आपल्या भागातल्या किती घरांत त्या पावत्या कपाटात पडून आहेत हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. खऱ्या टाइमशेअरला पुनर्विक्रीचा बाजारही फार थोडा आहे. हस्तांतराला कंपनीची परवानगी आणि शुल्क लागतं, आणि गोल्डचा दर्जा बहुतेक करारांत नव्या मालकाकडे जातच नाही. तुम्ही ३ लाख ४० हजारांना घेतलेली गोष्ट विकताना शिल्लकच नसते.

जुन्या श्रेणीच्या सवलती बंद होण्याची धमकी. ही तुम्हाला घाबरवण्यासाठी दिली असण्याचीच शक्यता जास्त, पण ती लेखी मागा: ‘माझ्या करारातील कोणते हक्क, कोणत्या कलमानुसार, कोणत्या तारखेपासून बंद होणार आहेत?’ रंगीत पत्रकातल्या सवलती कंपनी बदलू शकेल. तुमच्या सात रात्री, स्टुडिओ आणि पांढरा हंगाम हे मात्र २ लाख १० हजार देऊन घेतलेले हक्क आहेत, ते एकतर्फी काढता येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४६) मध्ये अन्यायकारक कराराची व्याख्या आहे आणि सबळ कारण नसताना एका बाजूने करार संपवण्याची मुभा त्यात बसते. अशा तक्रारी राज्य ग्राहक आयोगाकडे जातात.

सेवेतली त्रुटी किंवा फसव्या आश्वासनाची तक्रार मात्र कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. करारात ‘वाद मुंबईच्या न्यायालयातच’ असं छापलेलं असलं तरी ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याचा हक्क याच कायद्याचं कलम ३४ देतं. लवादाचं (वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याचं) कलम दाखवून घाबरवलं तर हेही लक्षात असू द्या, की लवादाच्या कलमामुळे ग्राहक तक्रारीचा रस्ता बंद होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. २० हजारांसारख्या रकमा पुष्कळदा तिथेच सुटतात, वकील न करता.

एवढं झाल्यावर उरतं ते तुमचं जुनं सदस्यत्व, आणि त्यावर आमचं मत वेगळं आहे. ते टाकू नका. त्याचे २ लाख १० हजार गेले ते गेले. ते वसूल करायच्या नादातच माणूस गोल्ड घेतो. पुढचा हिशेब फक्त वार्षिक शुल्काचा: १७,११० भागिले सात, म्हणजे रात्रीला २,४४४ रुपये. सातही रात्री वापरल्या तर चांगला भाव आहे. तीनच वापरल्या तर रात्र ५,७०० ला पडते. तेव्हा प्रश्न श्रेणीचा नाही, रात्री वापरण्याचा आहे.

त्यासाठी हंगामाचा तक्ता छापून घ्या. पांढरा, लाल हे रंग सगळ्या रिसॉर्टांना सारखे नसतात, प्रत्येक ठिकाणचा तक्ता वेगळा असतो. महाबळेश्वरला मे सर्वांत वर असेल, पण राजस्थानात मे महिन्याला मागणी कमी, तिथे तोच आठवडा तुमच्या रंगात बसू शकतो, ऊन सोसणार असाल तर. त्याहून बरा पर्याय जूनचा पहिला आठवडा. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, कारखान्यात गळीत तेव्हा नसतं, आणि पाऊस तोंडावर आला की कोकण-गोव्याच्या तक्त्यात रंग उतरू लागतो. तुमच्या कंपनीच्या तक्त्यात १ ते १२ जून कुठल्या रंगात आहे ते आधी पाहा. पांढऱ्यात असेल तर सहा महिन्यांची खिडकी १ डिसेंबरला उघडेल. त्या दिवशी सकाळीच बुकिंग करा, संध्याकाळची वाट पाहू नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात आली आणि मेळाव्यात कुणी काढली नाही. तुम्ही सहा जण आहात. स्टुडिओत सहसा दोन मोठे आणि दोन मुलं राहू शकतात. सहा जणांना दोन स्टुडिओ लागतील, म्हणजे सात रात्रींच्या साडेतीन होतील. गोल्डमध्येही खोली तीच होती.

म्हणून सात रात्री दोन भागांत वापरता येतात का ते पाहा. रात्री फोडून घेण्याची सोय पुष्कळ करारांत असते, कमीत कमी दोन किंवा तीन रात्रींची अट घालून. चार रात्री तुमच्या चौघांना जूनमध्ये. उरलेल्या तीन सासू-सासऱ्यांना, त्यांना शाळा-कारखान्याचं बंधन नाही. सप्टेंबर किंवा फेब्रुवारीतला मधल्या वारांचा आठवडा पांढऱ्या रंगात सहज मिळतो, आणि रिसॉर्ट रिकामं असल्यामुळे कधी कधी ती मोठी खोलीही. आई-वडील आणि सासू-सासरे कुटुंबाच्या व्याख्येत धरलेले असतील तर पाहुणा शुल्क लागत नाही. त्यांची नावं सदस्य नोंदीत आहेत का ते तपासा, नसतील तर ओळखपत्र जोडून आत्ताच घालून घ्या. आधीच्या दोन वर्षांच्या न वापरलेल्या रात्री पुढे ओढल्या गेल्यात का, आणि त्या कधी बाद होणार, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. तीन वर्षांच्या २१ रात्रींपैकी तुम्ही तीन वापरल्या आहेत.

आणि कधी बाहेर पडावंसं वाटलं, तर शुल्क भरणं नुसतं थांबवू नका. थकबाकीवर व्याज चढतं आणि शेवटी कंपनी सदस्यत्व संपवते, हातात काही येत नाही. अनेक करारांत भरलेल्या रकमेचे दोन भाग केलेले असतात: प्रवेश शुल्क, जे परत मिळत नाही, आणि वापराचं शुल्क, ज्यातला उरलेल्या वर्षांचा भाग कपात करून मिळू शकतो. आज सदस्यत्व सोडलं तर किती मिळेल, हा आकडा लेखी मागवून ठेवा. मागितल्याने सदस्यत्व जात नाही.

रद्द केल्याचं पत्र गेल्यावर काही आठवड्यांनी एखादा अनोळखी फोन येऊ शकतो: ‘तुमचं सदस्यत्व घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटी आणि ना-हरकत दाखल्याचे पैसे आधी भरा.’ त्याला तुमचा सदस्य क्रमांकही माहीत असेल. एक रुपयाही भरू नका. भरला गेलाच तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवायचे तर वेळ थोडा असतो.